‘गेट डाऊन’ म्हटलं तर काय बिघडलं?

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, नावगाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारला जातो : “कुठे उतरणार?” यात चौकशी काही नसते, प्रश्न जागेचा असतो. बसलेली बाई “ठाणे” म्हणाली की विचारणारीच्या जिवात जीव येतो. “डोंबिवली” म्हणाली तरी चालते, तेवढे उभे राहता येते. पण “बदलापूर” असे उत्तर आले की विचारणारी काही न बोलता पुढच्या सीटकडे वळते. कधी कधी उत्तर येते, “अंबरनाथ, पण माझी जागा दिलेली आहे.” म्हणजे कुणीतरी आधीच विचारून ठेवले आहे. हा व्यवहार कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तरी तो पाळला जातो, आणि त्याचा सगळा भार ‘उतरणे’ या एका क्रियापदावर असतो.

हाच प्रश्न आता तितक्याच सहजपणे इंग्रजीतही कानावर पडतो. कॉलेजच्या मुली, बँकेत आणि आयटीत काम करणाऱ्या बायका, केरळ-तामिळनाडूकडून येऊन इकडे स्थायिक झालेल्या नर्सेस, सगळ्या विचारतात, “व्हेअर आर यू गेटिंग डाऊन?” उत्तर मिळते, “आय ॲम गेटिंग डाऊन ॲट उल्हासनगर.” प्रश्न कळतो, उत्तर कळते, जागाही मिळते.

आणि शाळेतली इंग्रजीची बाई सांगते की हे चूक आहे. गाडीतून ‘गेट डाऊन’ होत नाहीत, ‘गेट ऑफ’ होतात.

दोन शब्दांच्या या भांडणावर एवढे लिहायचे कारण अंबरनाथच्या एका घरात घडलेली गोष्ट. नावे सांगत नाही, त्यांची गरजही नाही. घरातली आई उर्दू माध्यमातून दहावी झालेली. शेजाऱ्यांशी, भाजीवाल्याशी, नगरपालिकेच्या कचेरीत ती स्वच्छ मराठी बोलते, घरात उर्दू. तिचा भाऊ आखाती देशात नोकरीला. त्याच्यासोबत काम करणारा एक केरळी गृहस्थ सुट्टीवर येताना भाच्यांसाठी सामान घेऊन येणार होता. त्याला मराठी येत नव्हती, उर्दूही जेमतेम. मग फोनवर या बाईनेच धीर करून त्याला इंग्रजीत पत्ता सांगितला : “यू गेट डाऊन ॲट अंबरनाथ. वेस्ट साइड.” तो बरोबर अंबरनाथला उतरला, बरोबर पश्चिमेला बाहेर पडला, घरी आला, चहा प्यायला. आणि त्या चहाच्या वेळी सहावीतला मुलगा पाहुण्यासमोर हसून म्हणाला, “अम्मी, गेट डाऊन नहीं होता, गेट ऑफ होता है. आपको इंग्लिश आती नहीं तो बोलती क्यूँ हो?”

आईचा चेहरा उतरला. पाहुण्याने कपातल्या चहाकडे बघितले. त्यानेही दहा मिनिटांपूर्वी फोनवर हेच म्हटले होते : “आय गॉट डाऊन, सिस्टर, विच साइड?”

यानंतर ती बाई मुलाच्या शाळेत पालकसभेला गेलेली नाही. अब्बू जातात. अब्बूंना सुट्टी नसेल तर कुणीच जात नाही.

मुलगा जे म्हणाला ते शाळेच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, हे आधी मान्य करू. इंग्लंड-अमेरिकेत रेल्वे, बस, विमान, जहाज, सायकल, घोडा यांच्यासाठी ‘गेट ऑफ’ चालते. मोटार, टॅक्सी, रिक्षा, लिफ्ट यांच्यासाठी ‘गेट आऊट ऑफ’. ढोबळ खूण अशी की ज्या वाहनात उभे राहून चालता येते किंवा ज्यावर टांग टाकून बसतात, त्यासाठी ‘ऑफ’. ज्यात वाकून शिरावे लागते त्यासाठी ‘आऊट ऑफ’. चढण्याचेही तसेच : बस-ट्रेनला ‘गेट ऑन’, टॅक्सी-रिक्षाला ‘गेट इन’. औपचारिक लेखनात ‘बोर्ड’ आणि ‘अलाईट’ हे शब्द येतात. रेल्वेच्या तिकिटावर ‘बोर्डिंग’ असते तो यातलाच.

‘गेट डाऊन’ मात्र तिकडे बहुधा उंचावरून खाली येण्यासाठी वापरतात. भिंतीवर चढलेल्या पोराला, झाडावरच्या मांजराला, शिडीवरच्या माणसाला ‘गेट डाऊन’ म्हणतात. दगड आला, वाका, असे ओरडायचे तरी ‘गेट डाऊन!’ पावसाळी हवेने मन उदास झाले तर ‘द वेदर इज गेटिंग मी डाऊन’. गप्पा पुरे, कामाला लागा, हे सांगताना ‘लेट्स गेट डाऊन टू वर्क’. कुणी बोलतोय ते भराभर लिहून घ्यायचे असेल तर ‘गेट इट डाऊन’. आणि जुन्या वळणाच्या इंग्रजी घरांत जेवण झालेले मूल टेबलावरून उठण्याची परवानगी मागते तेव्हाही म्हणते, “मे आय गेट डाऊन?” खुर्ची उंच, मूल लहान, म्हणून ‘डाऊन’.

म्हणजे शब्द परका नाही, नुसता वापर निराळा. त्यातही गंमत अशी की इंग्रजांच्या देशातही वाहनातून ‘गेट डाऊन’ होण्याचे दिवस होते. घोड्यांच्या उंच बग्ग्या आणि टपालगाड्या होत्या तेव्हा उतारू खरोखरच पायरीवरून खाली उतरत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत माणसे बग्गीतून ‘गेट डाऊन’ होताना सापडतात. पुढे आगगाडी आली, फलाट डब्याच्या उंचीला आले, खाली येण्याची क्रिया संपली आणि शब्दही हळूहळू मागे पडला.

आपल्याकडे पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. 1854 साली रूळ कल्याणपर्यंत आले आणि 1856 साली, आजच्या अंबरनाथ-बदलापूरच्या वाटेने, खोपोलीपर्यंत पोहोचले. गाडीबरोबर इंग्रजी शब्दांचे गाठोडेही आले. तिकीट, सिग्नल, गार्ड हे शब्द आपण जसेच्या तसे ठेवून घेतले. स्टेशनचे कुणी ‘ठेसन’ केले, कुणी ‘टेसन’. चढण्या-उतरण्याचे शब्द मात्र आपण उसने घेतले नाहीत, कारण ते आपल्यापाशी होतेच. नंतर पोटापाण्यासाठी इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा आपण आपले ‘उतरणे’ घेतले आणि त्याच्या अंगात इंग्रजी कपडे घातले. ‘गेट डाऊन’ म्हणजे इंग्रजी पेहरावातले ‘उतरणे’च.

हे फक्त मराठी माणसाने केलेले नाही. हिंदी-उर्दूत ‘उतरना’, गुजरातीत ‘ऊतरवुं’, बंगालीत ‘नामा’, तमिळ-मलयाळममध्ये ‘इरंग’, कन्नडमध्ये ‘इळि’. शब्द वेगळे आहेत, पण या सगळ्या भाषांत डोंगरावरून खाली येणे आणि गाडीतून बाहेर येणे यांना एकच क्रियापद पुरते. त्यामुळे अंबरनाथच्या बाईचे इंग्रजी केरळच्या गृहस्थाला जसे पटकन कळले तसे ते लंडनच्या माणसाला कदाचित कळले नसते. निदान क्षणभर तो थांबला असता. भाषेचे अभ्यासक अशा प्रयोगाला भारतीय इंग्रजी म्हणतात. ‘चुकीचे इंग्रजी’ आणि ‘भारतीय इंग्रजी’ यांत फरक आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

‘गेट डाऊन’ टिकून राहण्याचे आणखी एक कारण असावे असा माझा अंदाज आहे. रिक्षातून उतरण्यासाठी शुद्ध इंग्रजी ‘गेट आऊट’ आहे. पण आपल्या कानाला ‘गेट आऊट’ म्हणजे काय? चालते व्हा! वर्गाबाहेर काढलेला मुलगा, साहेबाने हाकललेला कारकून. नानीला रिक्षातून हात धरून उतरवताना “नानी, गेट आऊट” म्हणायला कुणाची जीभ वळेल? ‘गेट ऑफ’चेही तेच. एकटे, जोरात म्हटले तर इंग्रजीत ते ‘हट, दूर हो’ असेच ऐकू येते. ‘गेट डाऊन’मध्ये मात्र आपल्याला ‘उतरा’ ऐकू येते, आणि ‘उतरा’ हा आपल्याकडे पाहुण्याला म्हणायचा शब्द आहे.

उतरा, म्हणजे थांबा, राहा, मुक्काम करा. “पुण्यात कुठे उतरलात?” असे मराठी माणूस विचारतो तेव्हा त्याला स्टेशनचे नाव नको असते, कुणाच्या घरी राहिलात ते हवे असते. गाडीतून उतरणे आणि कुणाच्या घरी उतरणे हे आपल्या लेखी एकाच कृतीचे दोन टप्पे. आता आपल्या वाचकांच्या घरात जी दुसरी भाषा रोज उच्चारली जाते तिकडे बघा. अरबीत ‘नज़ल’ म्हणजे उतरला. वरून खाली आला तरी नज़ल, सवारीवरून उतरला तरी नज़ल, आणि कुणाकडे मुक्कामाला राहिला तरी नज़लच. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला अरबीत ‘नज़ील’ म्हणतात. अरब देशांत बस-टॅक्सीतून उतरताना लोक आजही याच धातूचे रूप वापरतात. आखातात राहून आलेल्या कुणालाही विचारा.

जिथे उतरायचे ती जागा ‘मंज़िल’. उर्दूच्या मुशायऱ्यांनी या शब्दाला ध्येयाच्या उंचीवर नेऊन बसवले, पण मुळात मंज़िल म्हणजे प्रवासी जिथे ओझे खाली ठेवतो तो थांबा. हा शब्द मराठीत केव्हाच आला आणि इतका मुरला की तो कुठून आला हेही कुणाला आठवत नाही. ‘मजल दरमजल करीत’ फौजा निघायच्या त्या ‘मजल’मध्ये तोच आहे. आपण इमारतीच्या ज्या ‘मजल्या’वर राहतो त्यातही तोच. आणि घरच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘मु. पो.’ लिहितो त्यातला ‘मुक्काम’देखील अरबीच, फक्त वेगळ्या धातूचा.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट. कुरआन ‘नाज़िल’ झाले, आयतींचा ‘नुज़ूल’ झाला, अमुक आयतीची ‘शाने नुज़ूल’ काय, हे शब्द आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. उर्दूत दादी सांगते, “क़ुरआन रमज़ान में उतरा.” मराठी अनुवादांत ‘अवतरले’, ‘अवतीर्ण झाले’ असे येते, आणि मराठीतले अवतरणे आणि उतरणे हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूचे, ‘तॄ’, ज्याचा अर्थ ओलांडणे, पार होणे. प्रवाशाने मुक्कामी उतरल्यावर म्हणायची एक दुआ सहीह मुस्लिममध्ये हजरत खौला बिन्ते हकीम (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. त्या हदीसमध्ये ‘उतरला’ आणि ‘उतरण्याची जागा’ असे एकाच धातूचे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. म्हणजे लोकलमधले आपले साधे ‘उतरणार का?’ हे विचारांच्या फार जुन्या रस्त्यावरून चालत आले आहे. अरबी, उर्दू, मराठी या तिन्ही भाषा ज्या घरात थोड्याबहुत वावरतात, त्या घरातल्या आईच्या तोंडून ‘गेट डाऊन’ निघाले नसते तरच नवल.

आणि आपला हा रेल्वेचा पट्टा तर उतरण्याचाच पट्टा आहे. बदलापूरचे नाव कसे पडले याबद्दल असे सांगतात की पूर्वी येथे प्रवासी आणि फौजा थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून बदलापूर. ही आख्यायिका खरी असेल तर ते गाव म्हणजे अक्षरशः मंज़िल, आणि त्याच्या नावातला ‘बदल’ हा शब्दही अरबीच. उल्हासनगर तर त्याहून पुढचे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना त्या रिकाम्या बराकींत उतरवले. तात्पुरते म्हणून उतरले आणि तिथलेच झाले. 1949 साली त्या वस्तीचे उल्हासनगर असे नाव ठेवले गेले, तरी रिक्षावाला आजही ‘कॅम्प तीन, कॅम्प चार’च ओरडतो. तिथल्या सिंधी आजोबांची पिढी अरबी वळणाच्या लिपीत लिहिते. आपल्या घरातला उर्दू वाचणारा माणूस ती बघून थबकतो. अक्षरे ओळखीची, भाषा अनोळखी. कॅम्प हा शब्द त्या आजोबांच्याही तोंडी इंग्रजी राहिलेला नाही.

‘डाऊन’वरून आणखी एक. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईपासून लांब जाणारी ‘डाऊन’. अंबरनाथहून बदलापूरला जाणे म्हणजे डाऊन. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक आधी उलटे बदलापूरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात, याला ‘डाऊन करून येणे’ म्हणतात. आणि रोजच्या जाण्यायेण्याला ‘अप-डाऊन करणे’. “माझी सून दादरला अप-डाऊन करते.” इंग्रजांच्या देशात हे वाक्य कुणाला कळणार नाही, तिकडे यासाठी ‘कम्यूट’ आहे. पण ‘अप-डाऊन करणे’ हे आता पक्के मराठी क्रियापद आहे. त्याला कुणी हसत नाही, कारण ते आपण मराठी वाक्यात वापरतो. तेच शब्द इंग्रजी वाक्यात गेले की हसू येते. हे हसू भाषेचे नाही, प्रतिष्ठेचे आहे.

याच डब्यातले दुसरे वाक्य बघा. दादरहून फोन केला जातो, “मी गाडीत बसले गं.” प्रत्यक्षात ती एका पायावर उभी असते, दुसरा पाय कुणाच्या पिशवीवर. ‘गाडीत बसणे’ म्हणजे गाडीत शिरणे, एवढाच आपला अर्थ. हेच इंग्रजीत ‘आय सॅट इन द ट्रेन’ झाले तर ऐकणारा समजेल की बाईंना सीट मिळाली. तिथे ‘आय ॲम ऑन द ट्रेन’ म्हणावे लागते. ‘मला उशीर होतोय’चे आपण ‘आय ॲम गेटिंग लेट’ करतो. तिकडे ‘आय ॲम रनिंग लेट’ जास्त चालते. ‘लाईट बंद कर’चे ‘क्लोज द लाईट’ होते. हवे ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. सगळीकडे कारण एकच : वाक्य आधी आपल्या भाषेत तयार होते आणि मग कपडे बदलते.

एका ‘उतरणे’चेच किती कपडे आहेत बघा. ताप उतरतो तेव्हा इंग्रजीत ‘कम्स डाऊन’, विमान उतरते तेव्हा ‘लँड्स’, चेहरा उतरतो तेव्हा ‘फॉल्स’, कापडाचा रंग उतरतो तेव्हा ‘फेड्स’. भात चुलीवरून उतरवायचा तर ‘टेक ऑफ’, वहीत उतरवून घ्यायचे तर ‘राईट डाऊन’. एखादे औषध घशाखाली उतरत नसेल तर ‘आय कान्ट गेट इट डाऊन’. इथे बघा, आपले आणि त्यांचे अगदी जुळले! आणि दुपारची भाजी रात्री उतरली, म्हणजे आंबूस झाली, तर इंग्रजीत उतरण्याचा संबंधच उरत नाही, ‘इट हॅज गॉन ऑफ’. एका मराठी शब्दासमोर इतके इंग्रजी शब्द उभे असताना ‘उतरणे म्हणजे गेट ऑफ’ असे एका ओळीत पाठ करून घेणारी शिकवणी पोराला काय देणार? ती त्याला एक बरोबर उत्तर देते आणि आईवर हसायचे निमित्त देते.

याचा अर्थ ‘गेट ऑफ’ शिकू नये असा मुळीच नाही. जिथे ऐकणारा आपल्या देशाबाहेरचा आहे तिथे ते आलेच पाहिजे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज नर्सिंग करतात, परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा देतात, कॉल सेंटरमध्ये परदेशी ग्राहकांशी बोलतात. रुग्णाला पलंगावरून खाली उतरायला सांगताना इंग्लंडातली नर्स ‘गेट आऊट ऑफ बेड’ म्हणते, आणि त्यात हाकलण्याचा भाव अजिबात नसतो. हे माहीत नसलेली मुलगी एक तर संकोचेल, नाहीतर ‘गेट डाऊन’ म्हणेल आणि रुग्ण गोंधळेल. तिथे कामाचा प्रश्न आहे, कधी रुग्णाच्या जिवाचाही. पण शिकलेली गोष्ट अंगात यावी लागते, आणि जिला बोलताना पहिल्याच वाक्याला टोकले गेले ती दुसरे वाक्य बोलतच नाही. नोकरीच्या मुलाखतीत “ऑफिसला कशा येणार?” या प्रश्नावर मुली गप्प राहतात. वाक्य त्यांना येत असते. ऑफ की डाऊन, या भीतीने ते तोंडातच राहते.

भाषा शिकण्याचे आपल्या दीनमध्ये वावडे नाही, उलट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी यहुद्यांची लिपी शिकून घेतली, आणि तीही पंधरवड्यात, असे तिर्मिजीच्या हदीसमध्ये आहे. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. पण या संदर्भात मला जास्त जवळचे वाटतात ते हजरत मूसा (अ.). फिरऔनच्या दरबारात जाण्याआधी त्यांनी अल्लाहकडे मागितले की माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे म्हणणे कळेल. आपल्या घरातली मुले परीक्षेला जाताना हीच दुआ म्हणतात, सूरह ताहामधली. त्यात मागणे काय आहे ते मुलांना कधीतरी समजावून सांगावे. दुसऱ्या ठिकाणी, सूरह कससमध्ये, मूसा (अ.) म्हणतात की माझा भाऊ हारून माझ्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलतो, त्याला माझ्या मदतीला दे. चांगले बोलता येणारा भाऊ मदतीला असतो. भावाच्या बोलण्यावर हसायला नसतो. आणि एकमेकांची टर उडवू नका हा सूरह हुजुरातचा आदेश तर पुरुषांना वेगळा आणि स्त्रियांना वेगळा, असा दोनदा सांगितलेला आहे.

सहावीतल्या त्या मुलाला रागे भरून उपयोग नाही. तो शाळेत जे ऐकतो तेच घरी बोलतो. वर्गात कुणी चुकले की हसतात, तो घरात हसला. त्याला वेगळे काम द्यावे लागेल. संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी अम्मीने घरातले एक वाक्य द्यावे, उर्दूत किंवा मराठीत, आणि मुलाने ते इंग्रजीत कसे म्हणतात ते शोधून आणावे. “दूध उतू गेलं.” “दादीचा ताप उतरला का?” “मामा कल्याणला उतरून रिक्षा करणार आहे.” शेवटच्या वाक्यात त्याला ‘गेट ऑफ’ वापरावे लागेल, आणि ‘रिक्षा करणे’ला इंग्रजीत ‘करणे’ नसते, ‘टेक’ असते, हेही त्याला तिथेच कळेल. पहिल्या वाक्याला तो बहुतेक अडकेल. अडकू द्यावे. आईच्या तोंडातले साधे वाक्य आपल्या पुस्तकातल्या इंग्रजीपेक्षा अवघड असू शकते, हे त्याला त्या दुधाने शिकवले तर बरेच. आणि आईने वही घेऊन त्याच्याकडून ती वाक्ये उतरवून घ्यावीत. महिन्याभरात तीस वाक्ये होतात. पालकसभेत लागणारी याहून जास्त नसतात : माझा मुलगा कसा करतोय, त्याला गणित जड जातंय, तो आजारी होता. ती आधी लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून जावे. शिवाय समोरच्या बाईंना मराठी येत असेल तर सरळ मराठीत बोलावे. महाराष्ट्रातल्या शाळेत मराठी बोलायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पाहुण्याला फोनवर रस्ता सांगणे हा या सगळ्यासाठी सगळ्यात चांगला सराव, आणि आपल्या भागात तो सोपाही नाही. कल्याणनंतर रूळ दोन बाजूंना फुटतात. कर्जतच्या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कसाऱ्याच्या फाट्यावर शहाड. आणि उल्हासनगरात राहणाऱ्याच्या घराला बदलापूर सोडून यातले कोणतेही स्टेशन जवळचे असू शकते. कॅम्प एकच्या लोकांना तर शहाडच. तेव्हा नुसते ‘उल्हासनगरला उतरा’ सांगून भागत नाही. “टेक अ बदलापूर ऑर कर्जत ट्रेन, नॉट कसारा. गेट ऑफ ॲट विठ्ठलवाडी, द स्टेशन आफ्टर कल्याण.” मुलाने हे म्हणावे, आईने ऐकावे, दुसऱ्या वेळी आईने म्हणावे. ‘गेट ऑफ’च्या जागी ‘गेट डाऊन’ आले तरी पाहुणा विठ्ठलवाडीलाच उतरेल. मात्र ‘नॉट कसारा’ हे सांगायला कुणी विसरू नये. शहाडला पोहोचलेल्या पाहुण्याला शोधून आणायला रिक्षा करावी लागते, आणि तोवर चहा दोनदा गरम होतो.